अक्षर मोठे केले, ओळ कुठे गेली?



साठी-सत्तरी उलटलेल्या आईवडिलांना ई-रीडर भेट देण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. मुलगी पुण्यात असो की न्यू जर्सीत, वाढदिवसाला किंवा दिवाळीला ही पातळ पाटी घरी येते. भेटीमागचा हेतू उत्तम असतो. यंत्र जाड पुस्तकापेक्षा हलके असते, त्यात शेकडो पुस्तके मावतात आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. तरीही अशी कितीतरी यंत्रे दोन-तीन महिन्यांत कपाटात जाऊन पडतात, हे मी दवाखान्यात वारंवार ऐकतो. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते, "डोळ्यांना झेपत नाही, डॉक्टर." घरची मंडळी त्यात भर घालतात, "आता त्यांचं वाचनात लक्षच लागत नाही."

अशा वेळी पुढच्या खेपेस ते यंत्र बरोबर आणावयास मी सांगतो. चष्म्याचा नंबर ताजा आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाली आहे, यंत्रही चांगले आहे, असे असूनही वाचन होत नसेल, तर पुष्कळदा अडचण यंत्रात भरलेल्या फाइलीच्या प्रकारात सापडते. सदर आरोग्याचे आणि विषय फाइलींचा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु उतारवयात वाचन थांबणे ही किरकोळ घटना नव्हे, आणि ते कशामुळे थांबले हे कळल्याखेरीज उपाय करता येत नाही.

पुस्तकाच्या फाइली पुष्कळ प्रकारच्या असल्या तरी वाचणाऱ्या डोळ्याच्या दृष्टीने त्यांचे दोनच वर्ग आहेत. पहिल्या वर्गात पानाची मांडणी कायमची ठरलेली असते. पीडीएफ ही त्यातली सर्वांत परिचित फाइल. अडोबी कंपनीने ती १९९३ मध्ये आणली, तेव्हा कोणत्याही संगणकावर व छपाईयंत्रावर पान हुबेहूब तसेच दिसावे, हा तिचा उद्देश होता. तपासणीचा अहवाल, विजेचे बिल, सातबाऱ्याचा उतारा यांसाठी तो गुण मोलाचा आहे. दुसऱ्या वर्गात मजकूर वाहता असतो. पाणी जसे भांड्याचा आकार घेते, तसा तो पडद्याच्या रुंदीप्रमाणे आणि निवडलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे स्वतःची मांडणी बदलतो. ईपब ही या वर्गातली सर्वमान्य फाइल. तिचे प्रमाणीकरण २००७ मध्ये झाले, आणि आज वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यू-थ्री-सी हीच संस्था तिचेही नियम सांभाळते.

फरक किती पडतो, याचा हिशेब करून पाहावा. कार्यालयात वापरला जाणारा ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. सहा इंची ई-रीडरचा पडदा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद. कागदावर १२ पॉइंटचे असलेले अक्षर त्या पडद्यावर पूर्ण पान बसवल्यास सुमारे ५ पॉइंटचे होते. औषधाच्या डबीत घडी करून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद आठवावा. ते अक्षर तरुणांनाही सुखाने वाचता येत नाही. मग साहजिकच पान बोटांनी ताणून मोठे केले जाते, आणि खरा त्रास तेथून सुरू होतो. अक्षर वाढते, पण ओळ मोडून खाली येत नाही. तिचा उरलेला भाग पडद्याच्या उजवीकडे नाहीसा होतो. तो पाहण्यासाठी पान डावीकडे सरकवायचे, ओळ संपली की पुन्हा उजवीकडे आणायचे, आणि पुढची ओळ नेमकी कोणती ते शोधायचे. एका पानावर तीस ओळी धरल्या तर ही ओढाताण तीस वेळा. ईपबमध्ये अक्षर वाढवले की ओळीत शब्द कमी बसतात आणि पाने वाढतात, एवढेच. पान उलटण्यापलीकडे हाताला काम नसते.

निरोगी मनुष्य ही ओढाताण कुरकुरत का होईना सहन करतो. ज्येष्ठांच्या बाबतीत तीच वाचनाच्या आड येते. कंपवाताच्या रुग्णाला दोन बोटांनी पान ताणणे व नेमके तेवढेच सरकवणे अतिशय कठीण जाते. बोट थरथरले की पान भलतीकडे जाते. सांधेदुखीत हातांची तीच कथा. मधुमेहामुळे किंवा वयोमानाने पीतबिंदूवर परिणाम झालेल्या व्यक्तीला नजरेच्या मध्यभागी धूसर दिसते. ती बाजूच्या नजरेने एकेक शब्द पकडत पुढे जाते, आणि पान हलले की पकडलेली जागा सुटते. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, लहानलहान उड्या घेत जातो, आणि ओळीच्या शेवटी एक मोठी उडी घेऊन पुढच्या ओळीच्या आरंभी येतो. त्या मोठ्या उडीसाठी पान स्थिर असावे लागते.

पक्षाघातानंतरची एक अवस्था येथे मुद्दाम सांगतो, कारण कुटुंबीयांना तिची कल्पना क्वचितच असते. मेंदूच्या मागील भागास इजा झाल्यास दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा डावा किंवा उजवा अर्धा भाग नाहीसा होऊ शकतो. डोळे तपासले तर ते स्वच्छ असतात, चष्मा बदलून काही उपयोग होत नाही. उजवी बाजू गेली असेल तर ओळीत पुढे काय आहे ते दिसत नाही. डावी गेली असेल तर पुढच्या ओळीचा आरंभ सापडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे असेच झाले. हातापायांतली शक्ती परत आली, बोलणे स्वच्छ झाले, पण कादंबऱ्या सुटल्या. सूनबाई काळजीच्या स्वरात म्हणाल्या, "आई पान उघडतात, दोन मिनिटं बघतात आणि ठेवून देतात. विसरायला लागल्यात का हो?" स्मृतिभ्रंशाच्या तपासणीची चौकशी करायला त्या आल्या होत्या. बाईंसमोर मी हात हलवून दोन्ही बाजूंचे दृष्टिक्षेत्र पाहिले. डावी बाजू जवळजवळ नव्हतीच. त्यांच्या यंत्रातल्या साऱ्या कादंबऱ्या पीडीएफ होत्या आणि प्रत्येक पान ताणून दुप्पट केलेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "वाक्य सापडतच नाही हो, म्हणून ठेवून देते." नातवाने त्यांच्यासाठी ईपब मिळवली, दोन्हीकडचे समास रुंद केले म्हणजे ओळ आखूड होते, आणि यंत्राच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. नजर त्या लाल रेघेपर्यंत न्यायची आणि मग वाचायला लागायचे. अजून त्या पूर्वीसारख्या भराभर वाचत नाहीत. दिवसाकाठी सहा-सात पाने होतात. मात्र स्मरणशक्तीची चौकशी पुन्हा कोणी केलेली नाही. ज्येष्ठांनी वाचन सोडले की त्याचा अर्थ विसरभोळेपणा किंवा औदासीन्य असाच लावण्याची घाई करू नये, एवढ्यासाठी ही हकिगत दिली.

आता आपल्या भाषेची अडचण. मराठीतील विनामूल्य उपलब्ध पुस्तके, त्यांत जुने ग्रंथ आले आणि शासकीय मंडळांची प्रकाशनेही आली, मोठ्या प्रमाणावर पीडीएफ स्वरूपातच मिळतात. वरून सारख्या दिसणाऱ्या या फाइलींत तीन जाती असतात. पहिली, छापील पानांची निव्वळ छायाचित्रे. दुसरी, युनिकोडपूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तके. ती पडद्यावर सुरेख मराठी दिसतात, पण आत साठवलेली अक्षरे संगणकाच्या लेखी मराठी नसतातच. तिसरी, युनिकोडमधील खरा मराठी मजकूर. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. फोनवर किंवा संगणकावर फाइल उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरावे. शब्द निवडलाच गेला नाही तर ते छायाचित्र समजावे. निवडला गेला तर त्याची नक्कल करून व्हॉट्सॲपच्या रिकाम्या चौकटीत चिकटवावी. मराठी शब्द जसाच्या तसा उमटला तर फाइल उत्तम आहे. रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला उमटला तर ती जुन्या फॉन्टची आहे.

ही परीक्षा महत्त्वाची अशासाठी की पीडीएफचे ईपबमध्ये रूपांतर करण्याचा सल्ला सगळेच देतात. कॅलिबर नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि ते खरोखर चांगले आहे. पण छायाचित्रांचे त्याने केलेले ईपब हे छायाचित्रांचेच राहते, आणि जुन्या फॉन्टच्या पुस्तकाचे ईपब म्हणजे वाचता न येणारा काला होतो. छायाचित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी साधने आहेत, देवनागरीही ती बऱ्यापैकी ओळखतात. तरी जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात आणि कोणीतरी बसून त्या सुधाराव्या लागतात. खऱ्या मजकुराच्या पीडीएफचे रूपांतर त्या मानाने सुकर होते. तेथेही पानांचे क्रमांक आणि वरची शीर्षके वाक्याच्या मध्येच घुसतात. म्हणून ज्याने रूपांतर केले त्याने मधली चार-पाच पाने स्वतः वाचून पाहावीत आणि मगच आजोबांच्या हाती द्यावीत. पहिल्याच पानावर विस्कटलेला मजकूर दिसला की पुष्कळ ज्येष्ठ स्वतःलाच दोष देतात, "मलाच हे जमत नाही," असे म्हणतात आणि पुन्हा यंत्राला हात लावत नाहीत.

कोणत्या यंत्राला कोणती फाइल चालते, हे थोडक्यात. कोबो व इतर बरीचशी यंत्रे ईपब थेट उघडतात. किंडलची रीत निराळी आहे. ईपब फाइल तारेने किंडलमध्ये टाकली तर ती उघडत नाही. मात्र 'सेंड टू किंडल' या सेवेमार्फत पाठवली तर अमेझॉनच तिचे रूपांतर करून यंत्रावर पोहोचवते. ही सोय २०२२ पासून आहे. इमेलने पाठवायची असल्यास पाठवणाऱ्याचा पत्ता त्या खात्यात आधी मंजूर करून ठेवावा लागतो, अन्यथा पुस्तक पोहोचतच नाही आणि घरात विनाकारण वाद होतात. मोबी नावाची जुनी फाइल अजूनही काहींच्या संग्रहात असते. ती मोबीपॉकेट या फ्रेंच कंपनीची. अमेझॉनने ती कंपनी २००५ मध्ये घेतली आणि किंडलचा आरंभ त्याच पायावर झाला. आता 'सेंड टू किंडल' नव्याने पाठवलेली मोबी स्वीकारत नाही, तेव्हा निवड करण्याची संधी असल्यास मोबी सोडून ईपब घ्यावी. युनिकोडमध्ये टंकलेली साधी वर्ड फाइलही किंडलला पाठवता येते, आणि तीही वाहती असते. आजीच्या पाककृतींची वही, रोज म्हणावयाची स्तोत्रे, नातवंडांची पत्रे यांसाठी मला तोच मार्ग सर्वांत सोपा वाटतो.

विकत घेतलेल्या पुस्तकांबाबत एक खबरदारी. ती बहुधा कुलूपबंद असतात. ज्या दुकानातून घेतली त्या दुकानाच्या यंत्रात किंवा ॲपमध्येच उघडतात. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून मिळू लागली, तर बुकगंगासारख्या मराठी दुकानातील ई-पुस्तके त्या दुकानाच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचावयाची असतात. तेव्हा आधी आपल्याला हवे असलेले लेखक कोठे मिळतात ते पाहावे आणि त्याप्रमाणे यंत्र घ्यावे. पुष्कळ घरांत याच्या नेमके उलट घडते. शिवाय फाइलीच्या शेवटी ईपब लिहिलेले असले म्हणजे झाले, असेही नाही. चित्रमय पुस्तकांच्या काही ईपब फाइलींची मांडणी पीडीएफसारखीच ठरलेली असते. विकत घेण्यापूर्वी नमुन्याची पाने उतरवून घ्यावीत आणि अक्षर वाढवून पाहावे. ओळ मोडून खाली आली तर पुस्तक घ्यावे.

एखादा ग्रंथ केवळ छायाचित्रांच्या पीडीएफमध्येच मिळत असेल आणि तोच वाचावयाचा असेल, तर लहान ई-रीडरचा हट्ट धरू नये. दहा इंची टॅब घ्यावा, पानाचे पांढरे समास कापून टाकण्याची सोय वापरावी, टॅब आडवा धरावा. ओळ पूर्ण रुंदीत बसते आणि पान केवळ वर-खाली सरकवावे लागते. डावी-उजवी ओढाताण टळते. टॅब अर्धा किलोच्या आसपास भरतो, म्हणून तो हातात न धरता पोथी ठेवतात तशा लाकडी स्टँडवर ठेवावा. मानेलाही ते बरे.

वाहती फाइल मिळाल्यावर काही मांडणी आपल्या हाती येते. रोमन लिपीपेक्षा देवनागरीला दोन ओळींत अधिक अंतर लागते, कारण वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. अंतर कमी असले की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो आणि दृष्टी मंद असलेल्या व्यक्तीला दोन्ही अक्षरे कळत नाहीत. दोन्ही कडा सारख्या करण्याची सोय बंद करावी, म्हणजे मोठ्या अक्षरांत शब्दांमध्ये खिंडारे पडत नाहीत. मोतीबिंदू वाढत असताना पांढऱ्या पडद्याची चकाकी बोचते. अशांपैकी काहींना काळ्यावर पांढरी अक्षरे सुसह्य वाटतात, काहींना अजिबात नाही. करून पाहावे, सक्ती नको. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांविषयी मला सतत विचारणा होते. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते असे सिद्ध झालेले नाही. ते पैसे चांगल्या दिव्यावर खर्च करावेत.

यापुढील सूचना कृपया सेवा करणाऱ्या मंडळींनी लक्षपूर्वक वाचावी. अक्षर मोठे करण्याची सोय जितकी सुखाची, तितकीच ती आजार झाकणारीही आहे. छापील वर्तमानपत्र वाचता येईनासे झाले की मनुष्य तक्रार करतो. यंत्रावर तो गुपचूप अक्षर एक पायरी वाढवतो, महिन्याने आणखी एक, आणि घरात कोणालाच काही कळत नाही. म्हणून रक्तदाब आणि साखर जेथे लिहून ठेवता, त्याच वहीत महिन्यातून एकदा अक्षराचा आकडाही लिहावा. वर्षानुवर्षे तोच राहिलेला आकडा दोन-तीन महिन्यांत दोन पायऱ्या चढला, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मधुमेह असल्यास आकडा बदलो वा न बदलो, वर्षातून एकदा नेत्रपटलाची तपासणी करावीच. वाचताना एक डोळा तळहाताने झाकावा, मग दुसरा; दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो. एका डोळ्याला ओळी नागमोडी दिसत असतील किंवा शब्दाच्या मध्यभागी डाग दिसत असेल, तर दोन दिवसांहून अधिक थांबू नये. दृष्टी एकाएकी गेली, एक बाजू अचानक दिसेनाशी झाली, त्याबरोबर बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर यंत्र, फाइल, चष्मा सारे बाजूला ठेवून १०८ वर दूरध्वनी करावा. ती वेळ मिनिटांत मोजावयाची असते.

कितीही मोठे केले तरी अक्षर उमगत नाही, अशी वेळ काहींवर येतेच. तेथेही फाइलीचा प्रकार उपयोगी पडतो. कुलूप नसलेले युनिकोड ईपब फोन मराठीत मोठ्याने वाचून दाखवू शकतो. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा मराठी आवाज उपलब्ध आहे. उच्चार यांत्रिक असतो, कवितेचे तर तो पुरते हाल करतो, पण चरित्र किंवा प्रवासवर्णन आठवडाभरात सवयीचे होते. छायाचित्रांची पीडीएफ असेल तर त्या आवाजाला तेथे वाचण्यासारखे काही सापडत नाही. दृष्टिबाधितांसाठी डेझी नावाचा खास प्रकारही आहे. त्यात प्रकरणाप्रकरणाने, पानापानाने पुढेमागे जाता येते. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात करून देण्यास मुभा देणारा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला सर्वांत प्रथम मान्यता देणारा देश भारत होता. त्याच दिशेने २०१६ मध्ये आपल्याकडे 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पीतबिंदूच्या आजाराने किंवा काचबिंदूने दृष्टी गमावलेल्या ज्येष्ठांपैकी फार थोड्यांना त्याची माहिती असते, कारण ते स्वतःला दृष्टिबाधित म्हणवून घ्यायला तयार नसतात. आपल्या घरी तशी व्यक्ती असेल, तर पुढच्या वेळी नेत्रतज्ज्ञांकडे जाताना दृष्टिदोषाच्या प्रमाणपत्राविषयी विचारून घ्यावे. नोंदणीच्या वेळी ते उपयोगी पडेल.